हळदीचा कागद

मावशीच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये पूर्वा शाळेतला प्रयोग करून दाखवत होती. हळद लावलेला ओला कागद साबणाने लाल होतो, लिंबाने पिवळाच राहतो. थंडी म्हणून शेडचे पडदे घट्ट बांधले होते. कोपऱ्यातल्या पाळण्यात मावशीचं बाळ खोकत होतं. महिना झाला, खोकला हटत नव्हता.

"डोळे चुरचुरतात गं मावशी. काय हा वास!"

"कसला वास? मला नाही बाई येत. शहरातली नाकं तुमची!"

पूर्वा नवा कागद घेऊन पाळण्यावर वाकली आणि थबकली. कशालाही न लावता कागद लाल होत होता.

"बोटाला साबण असेल," म्हणत मावशीने स्वतः एक कागद भिजवून दोरीला टांगला. तोही लाल झाला. "याला कुणी हात लावला?"

"हवेने. कोंबड्यांखाली पसरलेल्या ओल्या तुसात त्यांची विष्ठा कुजते, त्यातून अमोनिया वायू निघतो; तोही साबणासारखा कागद लाल करतो. बाळही तोच ओढतंय."

मावशीने बाळाला चटकन ओसरीवर नेलं. खोकला वाढला की ती पडदे आणखी आवळत आली होती. आता तिने ते सगळे वर गुंडाळले आणि ओलं तूस टोपलीत भरून नेहमीसारखं कुंपणापाशी ओतलं. पलीकडे बालवाडी होती. मुलं बडबडगीतं म्हणत होती.

मावशी थांबली. "इथे धर बघू तुझा कागद."

ढिगावरचा कागद लाल होईपर्यंत दोघी बघत राहिल्या. मग मावशीने टोपली खाली ठेवली आणि कुदळ उचलली.

"मी हे खड्ड्यात पुरते. किती माती टाकली की कागद पिवळा राहतो, ते तू बघ."