खिडकीखालची भिंत

दयानंद बूट काढून कॅरावॅनमधल्या पलंगावर आडवा झाला, तेव्हा विशाखाने मान वळवली. दारात पाच-सहा माणसं उभी राहून आत डोकावत होती.

"लांबीला पुरतो," दयानंद छताकडे बघत मोठ्याने म्हणाला. "नुसते फोटो बघून घ्यायचं नसतं, विशाखा. आडवं होऊन बघायचं."

"अहो, उठा आता," ती पुटपुटली.

मस्कतच्या त्या प्रदर्शनात शुक्रवारची गर्दी होती. पावसाळ्यात हिरव्यागार सलालाला जाणारे, थंडीत वाळूत मुक्काम ठोकणारे, सगळे तंबू आणि गाडीमागे ओढायच्या कॅरावॅन बघत फिरत होते. स्टॉलवरचा जितेश टाय सावरत पुढे आला.

"सर, तुम्ही मराठी?" त्याचा चेहरा उजळला. "मी चिपळूणचा. आपलीच माणसं म्हणजे! विचारा, काय विचारायचं ते."

विशाखा पर्सच्या बंदाशी चाळा करत राहिली.

दयानंदने विचारायला सुरुवात केली. टायर नवे दिसतात म्हणून नवे नसतात, कडेला बनवल्याचं साल असतं, ते दाखवा. जितेशने वाकून टॉर्च मारला. साल यंदाचंच होतं. फ्रीज गॅसवर चालतो का? चालत होता. माझ्या गाडीला एवढं ओझं ओढवेल का? जितेशने गाडीचं नाव विचारून तक्ता काढून दाखवला. एकही प्रश्न त्याला अडला नाही.

"आणि हे बघ," दयानंद बायकोला म्हणाला, पण आवाज थेट दारापर्यंत गेला. "बाहेरच्या सावलीचं कापड, पायरी, जादा टाकी, हे नंतर वेगळं घ्यायला गेलं की कापतात. प्रदर्शनातच गाडीबरोबर मागून घ्यायचं. आमच्या यशश्रीला किनाऱ्यावरची कासवं बघायचीत, तिथे कुठे दुकान शोधणार?"

लोक हसले. विशाखाचे कान तापले.

दारातल्या गर्दीतून एक म्हातारं जोडपं आत आलं. बाबामियाँचं मत्रहच्या सूकमध्ये, जुन्या बाजारात, कापडाचं दुकान होतं. बायको गुलबानू गुडघ्यावर हात ठेवत कशीबशी पायरी चढली.

"हिला सलाला दाखवायची हाय," बाबामियाँ दयानंदला म्हणाले. "आज नेतो, उद्या नेतो, करता करता हिचे गुडघे गेले. आता हॉटेलचे जिने नकोत. तुमी काय करता?"

"सोहारला, कारखान्यात. मेन्टेनन्स माझ्याकडे."

विशाखाने पदर सारखा केला.

"मंग तुमाला कळणार सगळं. आमाला कापडातलं विचारा."

गुलबानू विशाखाशेजारी बाकावर टेकली आणि तिच्या मोरपिशी साडीचा काठ बोटांत धरला. "पोत झक्क हाय. ह्या रंगातलं माणूस इसरत नाय कोणी."

"जुनी आहे," विशाखा म्हणाली.

हात कुठे ठेवावा ते तिला कळेना. तिने तो खिडकीखालच्या भिंतीवर टेकला. लग्नाआधी ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. आत एसी, बाहेर समुद्राची दमट हवा. पाणी कुठेतरी धरणारच. तिने अंगठा दाबला. पातळ अस्तराआडचं लाकूड मऊ झालेलं होतं, अंगठा आत गेला. अत्तराच्या फवाऱ्याखालून बुरशीचा वास येत होता.

ती उठून दयानंदजवळ गेली. "अहो, भिंत आतून कुजलीय. खिडकीखाली."

"हळू बोल." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "यशश्रीचा विचार कर."

मग तो त्या खिडकीला पाठ लावून उभा राहिला आणि जितेशशी पुन्हा घासाघीस करू लागला.

गुलबानूने विशाखाचं मनगट धरलं. "बाई, तुमी शिकलेल्या दिसता. आमचा म्हातारा भोळा हाय. खरं सांगा, चांगली हाय का ही?"

विशाखाने खिडकीकडे पाहिलं. दयानंदची पाठ खिडकीपासून हलली नव्हती.

"यांनी सगळं बघितलंय," ती म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"ठरलं," तेवढ्यात दयानंद म्हणाला. "सगळ्या सामानासकट घेतो. कार्ड गाडीत आहे, घेऊन येतो. तोवर धरून ठेवा."

"सर, धरून नाही ठेवता येणार. ह्या भावातली ही शेवटची."

बाबामियाँनी बायकोकडे पाहिलं, मग जितेशचा हात धरला. "थांब बेटा. आमी घेतो. आत्ताच्या आत्ता."

"अहो चाचा, मी तासभर डोकं लावलंय!" दयानंद चिडला. जितेशने दोघांच्या मध्ये उभं राहून हात जोडले. शेवटी दयानंदने खांदे उडवले. "घ्या. नशीब तुमचं."

सह्या झाल्या. जाताना गुलबानू पुन्हा विशाखापाशी आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"माफ करा हां बाई. तुमच्या लेकीची कासवं ऱ्हायली आमच्यामुळं."

विशाखाला मान वर करता आली नाही. "सांभाळून उतरा," एवढंच ती म्हणाली आणि म्हातारीला हात देऊन पायरीवरून खाली पोचवून आली.

गर्दी पांगली. दयानंद बुटांच्या नाड्या बांधत होता. मागच्या बाजूने दोन कामगार तशीच दुसरी कॅरावॅन ढकलत आणत होते. जितेश टाय सैल करून चहाचे कप घेऊन आला आणि एक विशाखाच्या हातात दिला.

"वहिनी, उद्या मात्र ही साडी नको, म्हातारीने ध्यानात ठेवलीय," तो म्हणाला. "आणि दयानंददादा, पलंगावर जरा लवकर आडवे होत चला. गर्दी तिथेच जमते."