मागचा बाक

दीनाबाईंना जाग आली तेव्हा चर्चमध्ये शेवटचं गीत चाललं होतं. त्या दचकल्या. दर रविवारी पेटीवर त्याच असायच्या. आज पहाटेपासून आजारी सासूबाईंचं पथ्यपाणी, मुलांचं संडेस्कूल, वेदीवरची फुलं, सगळं उरकून त्या मागच्या बाकावर घटकाभर टेकल्या होत्या.

"मला उठवलं का नाही?" त्यांनी शेजारी बसलेल्या पाळकांच्या पत्नीला विचारलं.

"आमचे हे म्हणाले, झोपू द्या. प्रभूनं थकलेल्यांनाच तर बोलावलंय."

पेटी दुसरंच कुणीतरी वाजवत होतं, आणि चुकत नव्हतं. अपमान वाटतोय की सुटका, दीनाबाईंना कळेना. डोळे मात्र भरून आले.

आशीर्वादासाठी सगळे उभे राहिले. त्या बसूनच राहिल्या. प्रार्थना सुचेना, तेव्हा नुसतंच पुटपुटल्या, "आलेय, प्रभू."