तापल्या वाळूवर चार पाय

आई आणि बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एकाच बाजूला बसलेल्या दिसल्या, आणि प्राध्यापकांच्या पायाखालची फरशी तापली. आजवर या दोघी समोरासमोर बसत. मधे प्राध्यापक असत.

"बस," आई म्हणाली.

"बसा," बायको म्हणाली.

प्राध्यापक बसले. निदान यावर तरी दोघींचं एकमत होतं.

प्राध्यापकांचं आयुष्य वाळवंटी सरड्यांच्या अभ्यासात गेलं होतं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असं म्हणणाऱ्यांनी सरडा नीट पाहिलेलाच नसतो, हे ते दरवर्षी पहिल्याच तासाला सांगत. पाण्याचा थेंब नाही, झाडाची काडी नाही, वाळू अशी की पाय ठेवला तर फोड यावा. तरी हा पठ्ठ्या तगतो. कसा? तर चारही पाय एकदम टेकवत नाही. पुढचा डावा आणि मागचा उजवा वर; ते गार झाले की खाली, आणि दुसरे दोन वर. नुसतं तळ्यात-मळ्यात. अगदीच असह्य झालं तर वाळूत बुडी मारायची. पोरं हसायची. प्राध्यापक हसत नसत. हे तंत्र ते घरी वापरत होते.

बायकोला परगावी बढती मिळाली तेव्हा ते तिला म्हणाले, "तू बिनधास्त हो म्हण. आईला मी समजावतो." मग आईच्या खोलीत जाऊन म्हणाले, "ती कुठं जात नाही गं. मी सांगितलंय तिला." दोन पाय वर, दोन खाली. एकही भाजला नाही. आपल्यासारखा मुत्सद्दी आहे म्हणून हे घर टिकून आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

पण बायकोनं उत्तर कळवायची मुदत आज संपत होती. आज दोघींपैकी एक कायमची दुरावणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"हं, सांग आता," आई म्हणाली. "ही जाणार की नाही?"

"म्हणजे, दोन्ही बाजूंनी विचार केला तर..." प्राध्यापकांना खोकला आला. मग चष्मा पुसावासा वाटला. मग प्रयोगशाळेतला सरड्यांचा दिवा चालूच राहिला की काय, अशी शंका आली आणि ते उठलेच.

"खाली बस. आमचं ठरलंय," आई म्हणाली.

"होकार मी कधीच कळवलाय," बायको म्हणाली. "अहो, तुम्ही मला काय सांगता ते मी आईंना सांगते, आणि त्यांना काय सांगता ते त्या मला. आधी कडाकडा भांडलो. मग हसायला लागलो. मग लक्षात आलं, आमचं एकमेकींशी तसं काही वाकडं नाहीच."

"घरही बघून आलो," आई म्हणाली. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो म्हणून गेलो होतो ना, तेव्हा. तळमजला आहे, जिन्याची कटकट नाही. मी हिच्याबरोबर जातेय."

प्राध्यापकांचा जीव भांड्यात पडला. भांडण नाही, रडारड नाही, कुणी दुरावलं नाही. तंत्राचा विजय! त्यांनी मनातल्या मनात पुस्तकं खोक्यांत भरायलाही घेतली.

"छान," ते उदारपणे म्हणाले. "माझं टेबल मात्र खिडकीपाशी हवं."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"तुम्ही?" बायकोच्या आवाजात खरंखुरं आश्चर्य होतं. "तुम्ही यायचं असं कुठं ठरलंय?"

"अरे, तुझी कसली काळजी?" आईनं मायेनं त्यांच्या हातावर थोपटलं. "तू कुठंही तगतोस."