सम्राटांची खोली
मूल होत नाही म्हणून सम्राटांनी घटस्फोट दिला, तरी महाराणींनी पॅरिसबाहेरच्या आपल्या बंगल्यात त्यांची खोली तशीच ठेवली होती. रोज दुपारी त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर त्या एकट्याच बसत.

महाराणी वारल्या तेव्हा सम्राट दूरच्या बेटावर हद्दपारीत होते. तिसऱ्या दिवशी दासी क्लेमांस खोली आवरायला गेली. सम्राटांची खुर्ची सरकवायला हात लावला, तर गादी उबदार!

"आत कोणी आलं होतं?" तिने दाराशी उभ्या माळ्याला विचारलं.

"कुलूप तर तूच आत्ता काढलंस."

तिने समोरच्या, महाराणींच्या खुर्चीवर तळवा टेकवला. तीही उबदार होती. क्लेमांसच्या अंगावर काटा आला आणि डोळेही भरून आले.

बाहेर येऊन तिने दार अलगद ओढून घेतलं.

"आवरायचं नाही?"

"आज नको," ती कुजबुजली. "बाईसाहेबांकडे पाहुणे आलेत."