कानावर पडेपर्यंत

“खरं सांगा, तुमच्या घरी मदुराई की चिदंबरम?” खांबावर कोरलेल्या लग्नाकडं बोट करत वेलायुधमनं कोइमतूरच्या पाहुण्यांना विचारलं. “मदुराई म्हणजे बायकोचं राज्य, चिदंबरम म्हणजे नवऱ्याचं. इथं मीनाक्षी राणी, आणि शंकर बिचारा घरजावई!”

पाहुणे हसले. तीस वर्षं देऊळ दाखवताना तो हाच विनोद करत आला होता आणि माणसं बिचारी दर वेळी हसत होती.

तेवढ्यात त्याला पेचियम्मा येताना दिसली. पूर्वेच्या गोपुराबाहेर ती फुलं विकायची. देवळात फोन नेता येत नाही, म्हणून दवाखान्यात आईपाशी बसलेल्या लेकीला त्यानं हिचाच नंबर दिला होता. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी पाटी टाकून ती आत आली होती. तिचा चेहरा बघून वेलायुधम दोन पावलं मागं सरला.

“अण्णा, पोरीचा फोन...”

“गप!” तो केवढ्यानं तरी ओरडला. मग त्यानं हात जोडले. “पाया पडतो बाई. बाहेर जाईपर्यंत काही बोलू नकोस.”

पेचियम्माला कळलं. सुतक लागतं ते बातमी कानावर पडल्यावर, आणि लागलं की त्यांच्यात सोळा दिवस देवीसमोर जाता येत नाही. ज्यानं ऐकलंच नाही त्याला कोण अडवणार? तिनं तोंडात पदराचा बोळा धरला.

“आलोच,” असं पाहुण्यांना सांगून तो गाभाऱ्याकडं निघाला. आपण देवीशी लबाडी करतोय हे त्याला कळत होतं. पण आजवर त्यानं दुसऱ्यांनाच रांगेत उभं केलं होतं, स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. आज त्याला राहवेना.

“अर्चना कुणाच्या नावानं?” पुजाऱ्यानं विचारलं.

“तिलकवती. उत्तरा नक्षत्र. माझी बायको. आजारी आहे.”

पुजाऱ्यानं तिचं नाव घेऊन दीर्घायुष्याचा मंत्र म्हटला. तो संपेपर्यंत वेलायुधम हात जोडून उभा होता. डोळ्यांतलं पाणी त्यानं पुसलंही नाही. मंत्र आणखी लांब असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

“घरी गेल्यावर कपाळाला लावा तिच्या,” म्हणत पुजाऱ्यानं कुंकवाची पुडी दिली.

“लावतो.”

पेचियम्मा त्याच्यामागून गोपुराबाहेर उन्हात आली. मग पुडी मुठीत घट्ट धरून, पेचियम्माकडं न बघता तो म्हणाला, “हं, सांग आता. केव्हा गेली?”