कॉटनवूड फाट्यावरचा दंड

“अहो, पण मी एक सेंटही भरलेला नाही!” नॅडीननं खिडकीच्या काचेवर बोट आपटलं.

“मग दुसऱ्या कुणीतरी भरलाय,” आत बसलेली व्हर्ना म्हणाली. काउंटी कोर्टाची ही खिडकी ती वर्षानुवर्षं सांभाळत होती. “गेल्या शुक्रवारी, रोख. दंड भरला की गुन्हा कबूल, बाई. कोर्टाच्या लेखी तुझं प्रकरण मिटलं.”

नॅडीनच्या पायाखालची जमीनच सरकली. ती आज भांडायला आली होती. कॉटनवूड फाट्यावरची थांबण्याची पाटी तुतीच्या फांद्यांत पार बुडाली होती. ती दिसली नाही, गाडी न थांबता वळली आणि मक्याच्या आडोशाला दबा धरून बसलेल्या पोलिसानं तिला धरलं. पाटीचे फोटो फोनमध्ये होते. वसंतात वेगाचा एक गुन्हा आधीच नावावर चढला होता. हा दुसरा चढला, की शाळेची बस हातातून गेली. आणि त्या बसखेरीज तिला दुसरं काही येत नव्हतं, आवडतही नव्हतं.

“कुणाचा हा उपद्व्याप?”

व्हर्नानं इकडेतिकडे पाहिलं. “तुझ्या बापाचा. आला, टोपी काढली, नोटा ठेवल्या. मी म्हटलं, एमिल, पोरीला आधी विचार तरी. तर म्हणे, त्यात विचारायचं काय?”

नॅडीनचं डोकंच फिरलं. कोण, कुठे, कशासाठी पकडलं गेलं, हे दर बुधवारी साप्ताहिकात छापून येतं आणि सारी काउंटी मृत्युवार्तांच्या आधी तेच पान वाचते. म्हाताऱ्यानंही वाचलं असणार. आई जाऊन महिना झाला नव्हता तेव्हा त्यानं तिचा पियानो विकला होता. त्यावरून दोघांत जे वाजलं, ते वाजलंच. तेव्हापासून ना फोन, ना नाताळचं जेवण. आणि आता एकदम हा पुळका!

न्यायाधीश लिंडक्विस्ट यांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

“त्या दिवशी तुम्ही कुठे निघाला होतात?”

“अशीच,” नॅडीन म्हणाली आणि खाली पाहू लागली.

“हं. तुमच्या नकळत दंड भरला, असं वडिलांनी इथे येऊन शपथेवर सांगितलं, तर प्रकरण पुन्हा उघडता येईल. मी दुपारी आहे. घेऊन या त्यांना.”

घेऊन या म्हणे! ती गाडीत नुसतीच बसून राहिली. त्या माणसापुढे तोंड वेंगाडायचं? नोकरी गेली तरी बेहत्तर, असं एकदा म्हणून पाहिलं. मग बसमधली पोरं डोळ्यांपुढे आली, मागच्या बाकावरून ओरडून गाणारी. तिनं किल्ली फिरवली.

धान्य सोसायटीच्या कोठारापाशी म्हातारे कॉफी पीत पत्ते कुटत बसले होते.

“एमिल, बघ रे कोण आलंय! आज सूर्य कुठून उगवला?” एकजण खिदळला.

एमिलनं पत्ते पालथे ठेवले. तो खूप वाळला होता. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. तरी नॅडीननं आवाज चढाच ठेवला.

“कुणी सांगितला होता हा नसता उद्योग? तुम्ही दंड भरलात आणि मी गुन्हेगार ठरले. माझी बस जातेय, बाबा!”

म्हाताऱ्याचा चेहरा पांढरा पडला. “म्हणजे... मला वाटलं, तेवढाच तुझा ताप वाचेल.”

“वाढवलात. आता कोर्टात चला.”

“चल,” तो म्हणाला. डाव अर्धा टाकून उठला.

कोर्टात एमिलनं हात वर करून शपथ घेतली. पोरीनं सांगितलं नव्हतं, तिला ठाऊकही नव्हतं, आमचं बोलणंच नाही, साहेब, असं त्यानं सांगून टाकलं. न्यायाधीशांनी प्रकरण पुन्हा उघडलं. तिच्या फोनमधले फोटो त्यांनी मोठे करून पाहिले, चष्मा काढला, पुसला, परत पाहिले.

“पाटी मलाही दिसत नाही. गुन्हा रद्द. व्हर्ना, यांचे पैसे परत द्या. जा बाई, बस चालवा.”

नॅडीनच्या जिवात जीव आला. डोळे भरून आले, ते तिनं बाहीनं पुसले. बापाकडे मात्र तिनं पाहिलं नाही. त्या दिवशी पोलिसानं सोडल्यावर तिचं अवसान गळालं होतं. गाडी वळवून ती तशीच घरी परतली होती आणि ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

“एमिल,” न्यायाधीशांनी त्याला थांबवलं. “एक सांगा. बोलणं नाही, चालणं नाही, मग दंड भरायला का धावलात?”

म्हाताऱ्यानं हातातली टोपी उलटसुलट केली.

“पेपरात जागा छापली होती, साहेब. त्या फाट्यावरून वळलं की पुढे एकच घर आहे, माझं. माझ्याकडे येताना झालेला दंड पोरीनं का भरायचा?”