मधली खुर्ची

जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला माझा मुलगा बसतो, दुसऱ्या टोकाला सून आणि मधल्या खुर्चीवर नात. नवरा-बायकोचं कैक वर्षं बोलणं नाही. कशावरून बिनसलं, ते आता त्यांनाही आठवत नसेल.

शाळा संपली तशी नात म्हणाली, भाषाशास्त्र शिकायचंय, परगावच्या विद्यापीठात.

"आईला सांग, त्यात नोकरी मिळत नाही," मुलगा म्हणाला.

"बाबांना विचार, त्यांच्या डिग्रीनं काय दिवे लावले?" सून म्हणाली.

"बाबा, आई म्हणते, जरा विचार करू या," नातीनं निरोप पोचवला. मुलानं मूळचंही ऐकलं होतं, पण उत्तर त्यानं निरोपालाच दिलं.

"बरं, शिकून होणार कोण तू?"

"दुभाषी. इकडचं बोलणं तिकडे समजावून सांगायचं."

"हे काय काम झालं?"

नात माझ्याकडे वळून दमल्यासारखी हसली. "आजी, निदान तिथं पगार तरी मिळेल."

आज सकाळच्या गाडीनं ती गेली. संध्याकाळी दोघं आपापल्या टोकाला घास चिवडत बसले होते. मी ताट घेऊन माझ्या कोपऱ्याकडे निघाले, तर मुलानं मधली खुर्ची माझ्यासाठी ओढली. मी बसले.

 

सून ताटातून नजर न उचलता म्हणाली, "आई, तुमच्या लेकाला विचारा, पोरीचा फोन आला का?"